एकेचाळिसावं पान

“मॅडम, तिथं ‘नाही’ लिवा अन् मोकळं व्हा,” किशनराव तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा मी लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

माझ्यासमोर तिघं बसले होते. किशनराव पूर्णेचे, रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून रिटायर झालेले. शेजारी त्यांचा मुलगा संदेश, वय पस्तिशीच्या आसपास, एका गोदामावर सुपरवायझर. आणि संदेशची बायको करुणा. ही झरीच्या एका शाळामास्तरांची मुलगी. नर्सिंग करून इंग्लंडला गेली, तिथल्या हॉस्पिटलात बरीच वर्षं काढली आणि तिथलं नागरिकत्व घेतलं. लग्नाला सहा महिने झाले होते. करुणा रजा टाकून आली होती आणि रजेचे नऊ दिवस उरले होते.

मी परभणीत वकिली करते. आमच्या भागातल्या नर्स, इंजिनिअर बाहेर जायला लागले तशी त्यांची व्हिसाची कागदपत्रं माझ्याकडे यायला लागली. तिकडच्या कायद्याचा सल्ला तिकडचा सॉलिसिटर देतो. इथले कागद जमवणं, तपासणं, अर्जदाराशी बोलणं हे काम माझं. हा अर्ज स्पाउस व्हिसाचा होता. स्पाउस व्हिसा म्हणजे नवऱ्याला किंवा बायकोला आपल्याजवळ राहायला नेण्याची परवानगी.

अडलं होतं एका प्रश्नावर. फॉर्म विचारतो की तुम्ही कधी परवानगीच्या मुदतीनंतर त्या देशात राहिलात का, परवानगी नसताना काम केलंत का. हो किंवा नाही.

संदेश राहिला होता. बारा वर्षांपूर्वी तो स्टुडंट व्हिसावर इंग्लंडला गेला. वर्षभरात त्याच्या कॉलेजचं परदेशी विद्यार्थी घ्यायचं लायसन्स गेलं. अशा वेळी सरकार ठराविक मुदत देतं. तेवढ्यात दुसरं कॉलेज शोधा, नाहीतर परत जा. संदेशला दुसरं कॉलेज मिळालं नाही आणि परत यायची लाज वाटली. त्यांच्या वस्तीतून परदेशी गेलेला तो पहिला. निघताना स्टेशनवर शंभर माणसं हार घेऊन आली होती. तो तिथेच राहिला आणि एका बेकरीत काम करायला लागला. याला ओव्हरस्टे म्हणतात. तीन वर्षांनी आई आजारी पडली तेव्हा तो स्वतः तिकीट काढून परत आला.

“पासपोर्ट नवा हाय,” किशनराव म्हणाले. “जुना संपला. नव्यावर एक बी शिक्का न्हाई. नांदेडचा एजंट म्हणला, कुणाला काय कळत न्हाई.”

“काका, स्टुडंट व्हिसा घेताना याच्या दहाही बोटांचे ठसे घेतले होते. पासपोर्ट बदलतो, बोटं बदलत नाहीत.”

“पर खरं लिवलं तर व्हिसा देतेत का?”

“सांगता येत नाही. नवरा-बायकोच्या व्हिसात जुन्या चुकीनं दार आपोआप बंद होत नाही. अधिकारी दोन्ही बाजू बघतो. पण आज खोटं लिहिलं तर ती आजची चूक. ती सापडली की फसवणूक म्हणून नोंद होते आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ती आडवी येते.”

“म्हंजे तुमी आमचं काम करनार न्हाई.”

“करते. ‘नाही’ लिहून करणार नाही.”

किशनराव उठले. “चल रे,” संदेशला म्हणाले. संदेश अर्धा उठला. करुणा जागची हलली नाही.

“अण्णा, तुम्ही बाहेर चहा घ्या. मी मॅडमशी बोलते,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “पेशंट आधी काय काय गोळ्या घेतल्या ते लपवतात. त्याच्यानं पुढं काय होतं ते मी रोज बघते. आपण ‘हो’ लिहायचं. मला ह्यांच्या ओव्हरस्टेचं लग्नाआधीच माहीत होतं. त्यात नवीन काय आहे?”

मी संदेशला विचारलं, “एवढंच ना? अजून काही राहिलंय का?”

“न्हाई मॅडम,” तो म्हणाला. “एवढंच.”

तरी मी एक गोष्ट करायची ठरवली. तिथल्या कायद्यात तरतूद आहे की माझ्याबद्दल तुमच्या दप्तरात काय काय आहे त्याची प्रत मला द्या, असं कोणीही सरकारला मागू शकतो. साधा अर्ज असतो, पण उत्तर यायला आठवडे लागतात. ‘हो’ लिहायचं तर तारखा बरोबर पाहिजेत, आणि बारा वर्षांपूर्वीच्या तारखा संदेशच्या आठवणीवर सोडायच्या नव्हत्या. त्याच दिवशी त्याची सही घेऊन अर्ज पाठवला. करुणा रजा संपवून परत गेली.

सहा आठवड्यांनी ईमेल आला. पीडीएफ, शंभराच्या वर पानं. त्यातली बरीचशी कामाची नसतात. जुने अर्ज, कॉलेजची पत्रं, काळ्या पट्ट्या ओढलेल्या ओळी. मी चहा मागवून एकेक पान बघत गेले. एकेचाळिसाव्या पानावर थांबले.

बेकरीवर अधिकाऱ्यांची धाड पडली होती. तिथे सापडलेल्या एका माणसाची माहिती होती. नाव किशन. जन्मतारीख एक जून. देश भारत. कागदपत्र जवळ नाही. ठसे घेतले. दर पंधरा दिवसांनी ऑफिसात येऊन सही करण्याच्या अटीवर सोडला. दोनदा आला, नंतर आला नाही. खाली नंतरची नोंद होती की ठसे जुळले, हा माणूस म्हणजे स्टुडंट व्हिसावर आलेला संदेश.

एक जून बघूनच मला कळलं होतं. आमच्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनलाच असतो, शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेला. किशनरावांच्या पेन्शनच्या कागदावर हीच तारीख होती. पोरानं बापाचं नाव आणि बापाची तारीख सांगितली होती. साल तेवढं बदललं होतं.

आता हे प्रकरण साध्या ओव्हरस्टेचं राहिलं नव्हतं. मुदत संपल्यावर राहणं ही एक चूक. खोटं नाव सांगणं आणि सही करायला न जाता गायब होणं ही त्याच्या वरची. अशा गोष्टी असल्या की स्पाउस व्हिसासुद्धा नाकारता येतो.

चूक माझीही होती. ‘अजून काही आहे का’ हे मी त्याला बायको समोर असताना विचारलं होतं, आणि बाहेर बाप बसलेला होता. कोण सांगेल?

मी इंग्लंडच्या सॉलिसिटर आयेशाला फोन लावला. ही मूळची हैदराबादची, त्यामुळे आमचं बोलणं दखनीतच चालतं.

“मॅडम, ये तो गडबड है,” ती म्हणाली. “आदमी बोलता क्या?”

“अभी पूछा नहीं.”

“पूछो. बोला तो पूरा लिखो, आधा नक्को. नहीं बोला तो फाइल बंद करो. मैं आधी बात पे सही नहीं करती.”

दुसऱ्या दिवशी संदेशला एकट्याला बोलावलं. पान त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते शेवटपर्यंत वाचलं.

“हे पान काढून टाकता येतंय का?” त्यानं विचारलं.

“पान त्यांच्या दप्तरातलं आहे. आपल्याकडे नुसती झेरॉक्स आलीय.”

“सकाळची शिफ्ट होती मॅडम. हात पिठात. एकदम सहाजण आत आले. नाव विचारलं. खरं सांगितलं तर आत्ताच विमानात बसवतेत असं वाटलं. दुसरं कोणतं नाव तोंडातच येईना. अण्णांचं आलं.”

“करुणाला माहीत आहे?”

त्यानं मान हलवली. नाही.

“मग आधी तिला सांगा.”

“तुमी सांगा की मॅडम. तुमचं ऐकते ती.”

“मी नाही सांगणार. अर्ज तुमचा आहे, तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय मी कुणालाच देत नाही. अन् ही तर परवानगी दिली तरी देणार नाही. नवऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायची गोष्ट आहे.”

“ती सोडून देईल मला.”

“देईलही. तरी तिचीही सही घेऊन जो अर्ज जातो त्यात काय आहे ते तिला माहीत पाहिजे.”

तो गेला आणि आठ दिवस त्याचा पत्ता नव्हता. फोन उचलेना. पाचव्या दिवशी करुणाचाच फोन आला.

“मॅडम, रेकॉर्ड आला का?”

“आलाय. तुम्ही संदेशशी बोला.”

“म्हणजे काहीतरी आहे त्यात.”

“मला एवढंच सांगता येतं.”

पलीकडे हॉस्पिटलातल्या यंत्रांचे आवाज येत होते. तिनं फोन ठेवला. माझ्या वकिलीत मी खुनाच्या केसेस चालवल्या आहेत, पण तेवढा वाईट फोन मला आठवत नाही. मी संदेशला मेसेज टाकला. शनिवारी अकरापर्यंत या. एक तर सगळं लिहायला परवानगी द्या, नाहीतर तुमचे कागद परत घेऊन जा.

शनिवारी तो साडेदहालाच आला. दाढी वाढलेली. म्हणाला, “इथूनच लावू का फोन? घरी अण्णा हायेत.” मी त्याला माझ्या खोलीत बसवलं आणि बाहेर क्लायंटच्या बाकावर जाऊन बसले. दार बंद होतं. आवाज येत नव्हता. चाळीस मिनिटं मी एकच नोटीस वाचत होते आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

दार उघडलं. संदेशनं फोन माझ्या हातात दिला. डोळे लाल होते त्याचे.

“मॅडम,” करुणाचा आवाज कोरडा होता. “लिहा. काही सोडू नका. पण तुम्ही लिहू नका, त्यांच्या हातानं लिहून घ्या. आणि आमच्या दोघांत काय व्हायचं ते माझं मी बघते. ते अर्जात घालू नका.”

“तुम्हाला विचार करायला वेळ पाहिजे असेल तर आपण थांबू.”

“नको. थांबलं की मला नको ते विचार येतील. तुम्ही कामाला लागा.”

कामाला लागलो. अशा अर्जासोबत निवेदन जोडतात. झालं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. मी संदेशला आधी मराठीत लिहायला सांगितलं, भाषांतर नंतर. पहिला मसुदा सात पानी होता. त्यात कॉलेज वाईट होतं, एजंट वाईट होता, खोलीवरच्या मित्रानं भरीला पाडलं होतं. स्वतः संदेश कुठेच नव्हता.

“यात तुम्ही काय केलं?” मी विचारलं.

“सगळं लिवलंय की.”

“‘माझ्या हातून अनवधानाने चुकीचे नाव नोंदवले गेले.’ अनवधानानं कुणाच्या तोंडून बापाचं नाव येतं का?”

ती ओळ त्यानं खोडली. दुसरा मसुदा चार पानी झाला. तिसऱ्यात दोन पानं उरली. अधिकाऱ्यांनी नाव विचारलं, मी खोटं सांगितलं, कारण मला पकडून परत पाठवतील अशी भीती होती. सही करायला दोनदा गेलो, नंतर गेलो नाही, कारण तीच भीती. यात दुसऱ्या कुणाची चूक नाही. अशी वाक्यं. आयेशाला भाषांतर पाठवलं. तिचं एका शब्दाचं उत्तर आलं, “अच्छा.” तिच्याकडून एवढं म्हणजे खूप.

सही करायच्या दिवशी संदेशबरोबर किशनरावही आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. सुनेनं फोन करून ‘अण्णा, तुम्ही जा’ म्हणून सांगितलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली.

“मला बी वाचू द्या,” म्हणाले.

मी संदेशकडे बघितलं. त्यानं मान डोलावली. किशनरावांनी मराठी प्रत घेतली आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. पहिलं पान उलटलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर बोट थांबलं.

“ह्ये किशन म्हंजे मीच का?”

“दुसरं नावच आठवलं न्हाई, अण्णा.”

किशनराव कागदाकडेच बघत होते. मला वाटलं आता हे उठतील, पहिल्या दिवशीसारखे.

“मारलं का रे तुला तिथं?” त्यांनी विचारलं.

“न्हाई. चहा दिला.”

“मंग सही कराया जायचं बंद कामून केलं?”

“परत धाडलं असतं. तुमच्यासमोर कसं उभं राहावं कळंना.”

“तवा माझ्यासमोर उभं राहाया लाज वाटली अन् माझं नाव सांगाया वाटली न्हाई,” किशनराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “मॅडम, माझी बी सही लागंल का?”

खरं तर लागत नव्हती. पण विचार केला तर उपयोगाची होती. अधिकाऱ्याला शंका येऊ शकते की या माणसाकडे किशन नावाचा खोटा पासपोर्टही असेल, त्या नावानं आणखीही काही केलं असेल. खरा किशन पूर्णेत बसलेला आहे, त्याची पेन्शन चालू आहे, ते नाव बापाचं आहे आणि कुठल्या एजंटकडून विकत आणलेलं नाही, हे दाखवता आलं तर शंका कमी होते. मी त्यांचं पत्र तयार केलं. त्यात त्यांनी स्वतः एक ओळ घालायला लावली, की मी जन्मात मनमाडच्या पुढे गेलेलो नाही. पेन्शनचे कागद, जुनं रेल्वेचं ओळखपत्र, सगळं जोडलं. फॉर्मवर ‘हो’ला खूण केली. एकेचाळिसावं पान पिवळ्या मार्करनं रंगवून वर ठेवलं. लपवलेलं नाही हे दिसायला पाहिजे, नुसतं असून चालत नाही.

संदेश हैदराबादच्या व्हिसा केंद्रात जाऊन ठसे देऊन आला. पुन्हा दहा बोटं.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. व्हिसा नाकारला.

किशनराव फोनवर म्हणाले, “लय खरं लिवलं आपण.” संदेशचा फोन आलाच नाही. मी ते पत्र तीन वेळा वाचलं. अधिकाऱ्यानं लिहिलं होतं की अर्जदाराची पूर्वीची वागणूक गंभीर आहे. खोटं नाव, गैरहजेरी, ओव्हरस्टे, सगळं आमच्याच निवेदनातून उचललेलं. पण मी जे वाक्य शोधत होते ते त्यात नव्हतं. ‘या अर्जात फसवणूक केली’ असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. म्हणता येतच नव्हतं.

आयेशाला फोन केला. ती म्हणाली, “अपील करो. अब लड़ने को कुछ है.”

अपील म्हणजे अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध न्यायाधीशाकडे जाणं. तारीख लागायला आणखी काही महिने गेले. मधल्या काळात करुणा एकदा परभणीला येऊन गेली. माझ्या ऑफिसात दोघं बसले तेव्हा मध्ये एक खुर्ची मोकळी होती. जाताना मात्र करुणानंच स्वतःची पिशवी त्याच्या हातात दिली.

सुनावणीला संदेश इथेच होता. तिथे करुणा उभी राहिली. काय झालं ते आयेशानं नंतर मला सांगितलं. सरकारी बाजूच्या वकिलानं तिला विचारलं, “लग्न केलं तेव्हा तुम्हाला हे खोटं नाव माहीत होतं?”

“नाही.”

“म्हणजे यांनी तुम्हालाही फसवलं.”

“लपवलं. हो.”

“तरी तुमचा यांच्यावर विश्वास आहे?”

करुणा म्हणाली, “अजून पूर्ण बसलेला नाही. पण ही गोष्ट मला त्यांनीच सांगितली, बाहेरून कळली नाही. सांगितलं त्या दिवशी त्यांना माहीत होतं की मी सोडून जाऊ शकते. पुढचं ठरवायला मला त्यांच्याबरोबर एका घरात राहावं लागेल. फोनवर ते होत नाही.”

आयेशा म्हणाली की तिनं स्वतः हे उत्तर पढवलं असतं तर इतकं साधं जमलं नसतं.

निकाल महिन्याभरानं आला. न्यायाधीशांनी संदेशला पाठीशी घातलं नव्हतं. जुनी वागणूक लाजिरवाणी आहे असंच लिहिलं होतं. पण पुढे लिहिलं होतं की या अर्जात अर्जदारानं स्वतःविरुद्धची प्रत्येक गोष्ट स्वतः मांडली, तो आपणहून देश सोडून गेला होता, त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि पत्नीनं आपलं काम आणि आयुष्य सोडून भारतात यावं अशी अपेक्षा करणं योग्य नाही. अपील मंजूर.

व्हिसा लागलेला पासपोर्ट घेऊन संदेश आला तेव्हा किशनराव बरोबर होते. पेढ्यांचा पुडा होता. किशनराव म्हणाले, “मॅडम, सुरवातीला मी तुमच्यावर लय तापलो होतो.”

“आठवतंय,” मी म्हणाले.

आता दोघं तिकडे एका घरात राहतात. संदेश हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये कामाला आहे, स्वतःच्या नावानं. बरं चाललंय का, असं मी करुणाला एकदा फोनवर विचारलं. “चाललंय,” ती म्हणाली. नर्सनं एवढं सांगितलं तर पेशंटची तब्येत ठीक आहे असं मी समजते.

खरं लिहिलं की व्हिसा मिळतोच, असं मी कुणाला सांगत नाही. याच काळात माझ्याकडच्या दुसऱ्या एका माणसानं सगळं खरं लिहिलं आणि त्याला अर्जातही आणि अपिलातही नकार मिळाला. मी एवढंच सांगते, की खरं लिहून नकार आला तर पुढे भांडता येतं. संदेशच्या केसनंतर मी माझ्या कामात एक बदल केला. अर्जदाराला पहिला अर्धा तास मी एकट्याला बसवते. बाप, बायको, भाऊ, मामा, सगळे बाहेर. बाहेरचे रागावतात. त्यांना रागावू द्यायचं.